इअरफोन सहा महिन्यांत का बंद पडतो? वायर, मळ, बॅटरी आणि नाशिकची हवा

प्रश्न अंबड एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्या एका वाचकाचा आहे. वायरवाले इन-इअर इअरफोन सहा-आठ महिन्यांत एका बाजूने बंद पडतात. म्हणून त्यांनी बिनतारी बड घेतले, तर आता उजव्या कानात आवाज बारीक येतो आणि बॅटरी दीड तासात बसते. शिफ्टमध्ये बहुतेक वेळ कानात काहीतरी असतंच. माल खराब की वापर चुकीचा, आणि मुळात हे किती टिकायला हवेत, असं त्यांनी विचारलंय.

आधी आकडे. रोज दोन-तीन तास वापर धरला तर तीनशे-पाचशे रुपयांचा वायरवाला इअरफोन सहा महिने ते वर्षभर चालतो, हजार-दीड हजारांचा दीड ते तीन वर्षं. वायर सुटी करून बदलता येते असा असेल, तर मध्ये एक-दोन वायरी बदलून पाच वर्षंही सहज जातात. नेकबँड (मानेभोवतीच्या पट्टीला दोन्ही बड वायरने जोडलेला बिनतारी प्रकार) आणि पूर्ण बिनतारी बड दोन ते तीन वर्षं. हे सगळं घरगुती वापराचं गणित आहे. रोज आठ तास कानात ठेवायचे असतील तर तुमचे सहा-आठ महिने फारसे वावगे नाहीत.

आवाज काढणारा भाग, म्हणजे पातळ पडदा, त्याला चिकटलेली केसासारखी बारीक तारेची कॉइल आणि मागचं चुंबक, या सगळ्याला मिळून ड्रायव्हर म्हणतात. बंद पडलेले इअरफोन उघडले की बहुतेक वेळा ड्रायव्हर ठणठणीत निघतो. मरतं ते त्याच्या आजूबाजूचं: वायर, तोंडावरची जाळी आणि बॅटरी. म्हणून ‘साउंड क्वालिटी’ बघून घेतलेला महागडा इअरफोनही स्वस्तातल्याइतकाच पटकन जाऊ शकतो.

वायर तुटते ती ठरलेल्या तीन जागी: पिनेच्या मानेशी, दोन फाटे फुटतात तिथे, आणि बडातून बाहेर पडते तिथे. त्यातही पिनेची मान सगळ्यांत पुढे, कारण फोन खिशात आणि पिन बाहेर, चालताना प्रत्येक पावलाला तिथे एक बाक. आतली तार म्हणजे नायलॉनच्या किंवा तशाच धाग्याभोवती गुंडाळलेले तांब्याचे अतिबारीक तंतू, प्रत्येकावर रंगीत वार्निश. ताण धागा घेतो, वीज तंतू नेतात. पण एकाच बिंदूत वाकलं की तंतू एकेक करून तुटत जातात. शेवटचे दोन-चार उरले की वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो, आणि पुढच्या काही दिवसांत कायमचा जातो. पारदर्शक वायर हिरवी पडलेली दिसली तर आतलं तांबं घामाने खाल्लंय असं समजा. घाम आणि कातडीचं तेल पीव्हीसीतला मऊपणाही काढून घेतात, म्हणून जुनी वायर कानाजवळ कडक होते आणि तिथेच तडकते.

लक्षणावरून जागा बरीच कळते. एक बाजू पूर्ण गप्प असेल तर त्या बाजूची तार तुटली आहे. दोन्ही बाजू चालू, पण गाणाऱ्याचा आवाज गायब आणि वाद्यं पोकळ, लांबून आल्यासारखी, तर दोन्ही बाजूंची मिळून असलेली परतीची तार, म्हणजे ग्राउंड, तुटली आहे. गाण्यात गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा भरलेला असतो. ग्राउंड सुटली की दोन्ही ड्रायव्हरना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो आणि सारखा भाग आपोआप वजा होतो. पण हेच लक्षण पिन पूर्ण आत बसली नाही तरी येतं. म्हणून इअरफोन फेकण्याआधी फोन बंद करून सॉकेटमध्ये टॉर्च मारा. खिशातला कापूस ठासून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने हळूच काढा. टाचणी किंवा सुई नको, आतली स्प्रिंगपट्टी वाकते. आणि सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली डाव्या-उजव्या आवाजाचा तोल ठरवणारी पट्टी असते, ती मधोमध आहे ना, तेही बघून घ्या. चुकून सरकलेल्या त्या पट्टीपायी चांगले इअरफोन कचऱ्यात जातात.

मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो. २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. माइकवाल्या पिनेला चार भाग असतात. हल्लीच्या फोनच्या इअरफोनात टोक डावं, पहिली कडी उजवी, दुसरी कडी ग्राउंड आणि शेवटचा बुडखा माइक. टोक आणि दुसरी कडी यांच्यात १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, आणि प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीची टोकं, टेकवताना कानात बारीक टक् ऐकू यायला हवं. पहिली कडी आणि दुसरी कडी यांच्यातही तसंच. आकडाच आला नाही तर ती तार तुटलेली. आता प्रोब धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला वायर एकेक इंच वाकवायला सांगा. जिथे आकडा उड्या मारतो तिथे तूट. माइकचं बटण दाबल्यावर दुसरी कडी आणि बुडखा यांच्यात जवळजवळ शून्य आलं की बटण ठीक. काही जण दीड व्होल्टचा सेल लावून टकटक ऐकतात. ते टाळा. १६ ओहमच्या ड्रायव्हरला त्यातून १४० मिलिवॉट जातात, एवढ्या चिमुकल्या कॉइलसाठी ते फार होतात.

तूट पिनेशी असेल तर दुरुस्ती सोपी आहे. नवी चार भागांची पिन महात्मा गांधी रोडच्या मोबाइलच्या दुकानांत किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे थोडक्या पैशांत मिळते. शक्यतो एल आकाराची घ्या. तुटीच्या मागे तीन-चार सेंटिमीटर वायर कापून टाका, कारण तिथले उरलेले तंतूही दमलेले असतात. पिनेचं टोपण आणि श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) आधी वायरीत ओवा, मग सोल्डर. वरचं आवरण दीडेक सेंटिमीटर सोलून धागे बाजूला काढा. लाल तार बहुधा उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. पण माइकच्या तारेचा रंग कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे जोडण्याआधी मीटरने खात्री करा.

इथे नवशिक्यांचं काम अडतं ते वार्निशपाशी. वार्निश निघाल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, वरून थेंबासारखं घरंगळतं. लायटरने जाळायची पद्धत सर्रास आहे, पण त्यात तांबं काळं आणि ठिसूळ होतं. त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्न ३८० ते ४०० अंशांवर ठेवा, तारेचं टोक फ्लक्समध्ये (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) बुडवा आणि आयर्नच्या टोकावरच्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद धरा. धूर निघतो, वार्निश जळतं, तार चकचकीत होते. पिनेवर मात्र तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. कड्यांमधलं प्लास्टिक वितळलं की आतून शॉर्ट होतो. पिन एखाद्या टाकाऊ सॉकेटमध्ये खोचून काम केलं तर कड्या सरळ राहतात. टोपण लावण्याआधी मीटरने पुन्हा तपासा आणि वायरीला टोपणाच्या आत गाठ किंवा ग्लूचा थेंब द्या, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. बडाच्या तोंडाशी तूट असेल आणि बड चिकटवून बंद केलेला असेल, तर तीनशे रुपयांच्या वस्तूवर तेवढी मेहनत करायला कुणी सांगणार नाही.

आता तुमचा उजवा बड. आवाज हळूहळू बारीक होत गेला असेल तर दहातल्या नऊ वेळा जाळीत कानातला मळ बसलेला असतो. मळ कानाच्या उबेला मऊ असतो, बडाच्या नळीत चढतो आणि बाहेर थंड झाल्यावर जाळीच्या छिद्रांत घट्ट होतो. रबरी टिप काढा आणि जाळी उजेडात तिरकी धरून बघा. साफ जाळीची विण चमकते, भरलेली पिवळट आणि सपाट दिसते. एकाच कानात मळ जास्त होणं अगदी सामान्य आहे.

साफ करताना जाळीचं तोंड कायम खाली. कोरडा मऊ टूथब्रश घ्या, खालून वर हळू झटका, म्हणजे सुटलेला मळ बाहेर पडेल. मग पोस्टर चिकटवायची पुट्टी जाळीवर टेकवून उचला, पाच-सहा वेळा. पुट्टी जुनी आणि फार मऊ नको, नाहीतर तीच आत राहते. टाचणीने टोचू नका. जाळी फाटते किंवा आत जाते, आणि तिच्या मागे दोन-तीन मिलिमीटरवर पडदा असतो. तोंडात धरून ओढणं, एअर ब्लोअर मारणं हेही नको, पडदा ताणला जाऊन चुरगळतो. स्पिरिट जाळीवर ओतू नका, मळ विरघळून आत उतरतो आणि पडद्यावर थर धरतो. टिपा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि आतून पूर्ण वाळल्यावरच चढवा. सिलिकॉनच्या टिपा वर्षभरात सैल होतात, फोमच्या दोन-तीन महिन्यांत. टिप सैल झाली की कानात हवा फटीतून जाते आणि बेस गायब होतो. लोक समजतात ड्रायव्हर गेला.

बडाच्या अंगावर जाळीशिवाय एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं, ते हवेच्या दाबासाठी. ते बुजलं तर बड कानात दाबताना कुरकुरल्यासारखा आवाज येतो आणि बेस बदलतो. त्यावर स्टिकर किंवा स्किन चिकटवू नका.

अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी एक गोष्ट खास सांगावी लागते, कारण ती कुठल्याच बॉक्सवर लिहिलेली नसते. ड्रायव्हरमागचं चुंबक निओडिमियमचं, आकाराच्या मानाने फार जोरदार. ग्राइंडिंगचा किंवा लेथचा लोखंडी कीस त्याकडे ओढला जातो. मोठा कण जाळीवर अडतो, पण ग्राइंडिंगची पिठासारखी धूळ आत जाते आणि पडद्याला घासते. मग ठरावीक सुरांवर खरखर येते, विशेषतः तबला-ढोलकीच्या ठेक्यावर. जाळीवरचा कीस चिकटपट्टीने निघतो, आत गेलेला निघत नाही. बड ठेवून चार्ज करायच्या डबीतही, बड नीट बसावेत म्हणून, चुंबकं असतात. तिथे जमलेला कीस चार्जिंगच्या दोन टोकांना जोडतो आणि बड चार्जच होत नाही. मशीनच्या टेबलावर उघडे बड ठेवू नका, हातमोजे काढून आणि हात पुसूनच बड हाताळा, आणि आठवड्याला डबीचे खळगे चिकटपट्टीने टिपून घ्या. आणि मशीनच्या आवाजावर मात करायला गाणं मोठं करणं म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे; त्यासाठी वेगळे इअरप्लग असतात.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतही वेगळा त्रास असतो. भुरी रोगासाठी गंधक मारताना किंवा मोरचूद-चुन्याचं बोर्डो फवारताना कानात बड ठेवू नयेत. गंधकाने तांबं आणि चांदी काळी पडते, मोरचूद ओलाव्यात इतर धातू खातं, आणि दोन्हींची पूड जाळीत बसते. चार्जिंगच्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं असतातच.

साधा घामही हेच काम करतो, फक्त सावकाश. घामातलं मीठ चार्जिंगच्या टोकांवर राहतं, तसाच बड डबीत टाकला की पाच व्होल्टच्या आसपास वीज सुरू होते, आणि ओल्या मिठावर वीज म्हणजे टोकं कुरतडली जाणारच. हिरवट-काळा डाग दिसतो तो त्याचा. तुमचा बड चार्ज धरत नाही असं वाटत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बडावरची आणि डबीतली टोकं पुसा, दहा मिनिटं उघडं ठेवा आणि मग चार्ज करून बघा. बाहेर आलेल्या टोकांना दाबून बघा. डबीतली टोकं स्प्रिंगवर असतात, एखादं आत अडकलं असेल तर तेवढ्यावरच सगळं बिघडलेलं असतं.

बॉक्सवरचं आयपीएक्स म्हणजे पाणी किती सोसतं त्याचं रेटिंग. आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे चालतात, आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याची धार चालते, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी नव्या नगावर आणि साध्या पाण्याने होते. घाम, साबण आणि दोन वर्षांनी सुटलेला गोंद त्यात धरलेला नसतो. डबीला बहुधा काहीच रेटिंग नसतं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात बड वाचतात आणि रेनकोटच्या खिशातली डबी मरते, ती यामुळे. भिजलं तर चार्जिंगला लावू नका. पुसा, डबी उलटी उघडी ठेवा, आणि झाकणाच्या हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत दोन दिवस. तांदळात ठेवून काही साधत नाही, उलट पीठ पोर्टमध्ये जातं. सिलिका जेलचा रंग बदलला की ते दमलं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं.

बॅटरीचं गणित साधं आहे. बडात ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम-आयन सेल असतो, गोळीएवढा. असा सेल ३०० ते ५०० पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतो आणि तिथून घसरण वेगाने होते. एका चार्जवर पाच तास चालणारा बड रोज तीन तास वापरला तर दिवसाला ०.६ चार्ज लागतो, म्हणजे साधारण सोळा महिने ते सव्वादोन वर्षं. शिफ्टभर आठ तास वापरला तर दिवसाला १.६, म्हणजे सहा ते दहा महिने. तुमची बॅटरी दीड तासावर येण्याचं मुख्य कारण हेच. बोलण्यासाठी माइक चालू असतो तेव्हा खर्च आणखी वाढतो, आणि कायम एकाच बडावर फोन घेत असाल तर तोच आधी संपतो. एक उपाय आहे: शिफ्टमध्ये एक बड कानात, दुसरा डबीत, आणि दोन तासांनी अदलाबदल. आजूबाजूचा आवाजही ऐकू येतो, मशीनवर ते हवंच.

लिथियमचा खरा वैरी उष्णता, आणि पूर्ण चार्ज होऊन गरम जागी पडून राहणं. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाइकच्या टाकीवरच्या पिशवीत तापमान त्याहून कितीतरी वर जातं. अशा दुपारी बॅटरीचं आयुष्य कमी करतात. थंडीत निफाडला पारा खूप उतरतो तेव्हा बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते, पण ते तात्पुरतं असतं, ऊब मिळाली की पूर्ववत. बड काही महिने वापरायचे नसतील तर निम्मे चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडं चार्ज करा. शून्यावर पडून राहिलेला सेल इतका खाली जातो की संरक्षण सर्किट त्याला पुन्हा चार्जच करू देत नाही.

डबी चार्ज होत नाही म्हणून दुरुस्तीला आलेल्यांपैकी काहींची डबी बिघडलेलीच नसते. स्वस्त डब्यांत यूएसबी-सीच्या सॉकेटपाशी दोन रेझिस्टर बसवायचे राहिलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकं सी असलेल्या केबलने चार्जर त्यांना ओळखतच नाही. चपट्या जुन्या यूएसबीचं एक टोक असलेली केबल आणि साधा पाच व्होल्टचा चार्जर लावून बघा.

बडातला सेल बदलता येतो का? तांत्रिकदृष्ट्या हो. पण कवच चिकटवलेलं असतं, उघडताना माइकची पट्टी तुटते, सेल अनेकदा वेल्ड केलेला असतो, आणि त्याला आयर्नचा थेट चटका किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर पेट घेऊ शकतो. पुन्हा चिकटवल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण गेलेलं असतं. हजार-दीड हजारांच्या बडावर हे परवडत नाही. नेकबँडचं वेगळं: त्यात १०० ते २०० मिलिअँपिअर-तासांची चपटी बॅटरी दोन तारांनी सोल्डर केलेली असते, त्याच मापाची मिळाली तर अर्ध्या तासाचं काम. फुगलेली बॅटरी मात्र उघडू, टोचू, चार्ज करू नये. घंटागाडीतही टाकू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

वॉरंटी बहुतेकांना एका वर्षाची असते, बिलाच्या तारखेपासून. वायर तुटणं आणि पाणी जाणं अनेकदा त्यात बसत नाही, एक बाजू आपोआप बंद होणं बसतं. दहाव्या महिन्यात एकदा मुद्दाम बॅटरी, दोन्ही बाजू, माइक तपासा. तक्रार करायची तर तेव्हाच करा. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं कालांतराने उडतात.

तुमच्यासाठी सल्ला: सध्याच्या उजव्या बडाची जाळी आणि टोकं साफ करून बघा, आवाज बहुधा परत येईल. बॅटरी परत येणार नाही. पुढची खरेदी करताना फोनला पिनेचं सॉकेट असेल तर सुटी वायर असलेला इन-इअर घ्या. दोन पिनांची, ०.७८ मिलिमीटरची जोडणी सगळ्यांत सोयीची, तिची वायर कुठूनही मिळते. ती सारखी काढू-घालू नका, सॉकेट सैल होतं. वायर कानावरून मागे घेता येईल असा आकार असला तर ओढ बडावर येत नाही. गुंडाळताना फोनभोवती नको, आठ-दहा सेंटिमीटरची सैल वेटोळी करा, आणि सॉकेटमधून काढताना पिनेचं बूड धरा. शिफ्टमध्ये बिनतारीच हवं असेल तर बडांऐवजी नेकबँड: बॅटरी मोठी, बदलता येण्यासारखी, आणि हेल्मेट काढताना एक बड रस्त्यावर उडून जाण्याची भीती नाही.